निळा धूर काय सांगतो?

लोणावळ्याहून बोरघाट उतरणारी एखादी जुनी पेट्रोल मोटार पाहा. चालक ॲक्सिलरेटरवरचा पाय काढून ती गिअरमध्येच उतरवतो. खोपोलीला त्याने पुन्हा पाय दाबला, की मागून निळ्या धुराचा लोट निघतो. असे का व्हावे?

उतारावर इंजिन फिरत राहते. हवेची वाट मात्र जवळजवळ बंद. त्यामुळे आत दाब फार कमी होतो. झडपेच्या दांड्यावरचे रबरी सील उष्णतेने कडक होऊन झिजले असेल, तर वातावरणाचा दाब वरचे ऑइल दांड्याच्या कडेने सिलिंडरात ढकलतो. तेच पुढे जळते आणि धूर लवकर विरतो.

चढावर सतत निळा धूर आला, तर संशय पिस्टनच्या रिंगांवर घ्यावा. त्या बदलायच्या म्हणजे इंजिन उघडणे आले. सीलचे काम पुष्कळ स्वस्त. पावसाळी सकाळचा पांढरा धूर निराळा, ती बहुधा नुसती वाफ!