पंखाचं टोक

विमान उतरून रनवेच्या बाहेर आलं की शिकणाऱ्याचा जीव भांड्यात पडतो. शिकवणारी म्हणून मला तिथूनच पुढे धास्ती असते. त्याचा हात फ्लॅपकडे जातो, नजर चेकलिस्टमध्ये शिरते आणि विमान मात्र चालतच असतं.

त्या दिवशी सेस्ना १७२ होतं. नोजव्हील पिवळ्या रेघेवर अगदी बरोबर होतं. पण बाजूचं विमान आपल्या जागी उभं असेल, तरच त्या रेघेचा भरवसा. ते कोणीतरी पुढे सरकवून ठेवलं होतं. या विमानाचे पंख टोकापासून टोकापर्यंत ११ मीटर. डाव्या सीटवरच्या माणसाला उजवं टोक जवळजवळ ६ मीटर लांब पडतं. शिकणारा मुलगा खाली बघत होता, मी त्याच्या हातांकडे. ‘टक्’ असा आवाज आला, गाडीचं दार भिंतीला लागावं इतकाच. मी मिक्स्चर ओढून इंजिन बंद केलं. उतरून पाहिलं तर आमच्या उजव्या टोकावरच्या हिरव्या दिव्याची काच फुटलेली, त्या बाजूच्या विमानाच्या शेपटीवरच्या रडरची कड चेपलेली. हाताने हलवलं तर रडर बिजागरीत अडकत होतं. तसंच उडालं असतं तर?

आणि पंखाऐवजी प्रॉपेलर लागला असता तर? मिनिटाला ८०० फेरे, दोन पाती, म्हणजे सेकंदाला जवळजवळ २७ घाव. चालत्या माणसाच्या वेगानेही पत्र्यावर दर साडेपाच सेंटिमीटरला एक काप पडतो. तपास करणारे त्या कापांमधलं अंतर मोजून वेग काढतात. असं घडलेलंही आहे: जुलै २००६ मध्ये अमेरिकेत ऑशकॉशला दुसऱ्या महायुद्धाच्या काळातलं एक अ‍ॅव्हेंजर विमान टॅक्सी करताना मागून एका छोट्या आरव्ही-६वर गेलं. छोट्या विमानातला प्रवासी दगावला. अ‍ॅव्हेंजरसारख्या, शेपटीखाली चाक असलेल्या विमानांचं नाक वर असतं, समोरचं दिसत नाही; ती नागमोडी चालवत, आलटून पालटून दोन्ही बाजूंनी वाकून बघतच न्यावी लागतात.

आता माझा शिरस्ता ठरलेला आहे. रनवे सोडला की थांबायचं, ब्रेक दाबून धरायचे, मगच चेकलिस्ट. जागा अरुंद वाटली तर इंजिन बंद करून उतरायचं आणि टो-बारने ओढत न्यायचं. यात कमीपणा कसला?

दुसऱ्या दिवशी सकाळी तो मुलगा माझ्याआधी एप्रनवर आला होता. उजव्या पंखाच्या टोकाखाली उभा राहून तो तिथून आपल्या सीटपर्यंत पावलं मोजत होता.