‘हॅलोवीन’नंतरची तीच रात्र

दिग्दर्शक जॉन कार्पेंटर आणि निर्माती डेब्रा हिल यांच्या हाताशी १९७८ साली ‘हॅलोवीन’साठी जेमतेम तीन-सव्वातीन लाख डॉलर होते. दाखवायचं होतं ऑक्टोबरअखेरचं इलिनॉय, आणि चित्रीकरण चाललं होतं ऐन वसंतात, कॅलिफोर्नियात. म्हणून पानं रंगवली; ती रस्त्यावर पसरायची, शॉट झाला की गोळा करायची, पुढच्या शॉटला पुन्हा तीच. खुनी मायकल मायर्सचा मुखवटा म्हणजे दोनेक डॉलरचा, अभिनेता विल्यम शॅटनरच्या चेहऱ्याचा बाजारू मुखवटा. डोळ्यांची भोकं मोठी केली आणि वर पांढरा रंग मारला. या ओढाताणीतून उभा राहिलेला ‘हॅलोवीन’ स्लॅशरपटांचा मापदंड ठरला. १९८१ चा ‘हॅलोवीन २’ त्या मापाला उतरतो का, यावर चाहते अजून भांडतात. माझ्या मते नाही उतरत. पण त्याचं खापर दिग्दर्शकावर फोडणं मला मान्य नाही.

पहिल्या चित्रपटात रक्त फार थोडं आहे. नायिका लॉरी (जेमी ली कर्टिस) भिंतीला टेकून हुंदके देत असते, शेजारचं दार उघडं, आत काळोख. त्या काळोखात पांढरा चेहरा सावकाश उमटू लागतो. छायाचित्रकार डीन कंडीने प्रकाश इतक्या बेताने वाढवला आहे की चेहरा नेमका कधी दिसला हे सांगता येत नाही. मायकलचा डॉक्टर लूमिस सहा गोळ्या झाडतो, मायकल गॅलरीतून खाली कोसळतो, आणि लूमिस वाकून पाहतो तर अंगण रिकामं! मग रिकाम्या खोल्या, जिना, आणि सगळीकडे तोच श्वासाचा आवाज. मायकल लॉरीच्याच मागे का लागला, याला कारण नाही. ती सकाळी त्याच्या दारापर्यंत गेली आणि त्याच्या नजरेस पडली, एवढंच. ही गोष्ट कुणाच्याही वाट्याला येऊ शकते.

दुसरा भाग त्याच रात्री, त्याच क्षणापासून सुरू होतो. कल्पना उत्तम. रिक रोझेंथालचा हा पहिलाच चित्रपट, पण त्याने कार्पेंटरची संथ लय मनापासून सांभाळली आहे. छायाचित्रणही पुन्हा कंडीचंच. इस्पितळाच्या लांबलचक कॉरिडॉरमध्ये मायकल परिचारिकेच्या पाठीत शस्त्रक्रियेचं पातं खुपसून तिला एका हाताने वर उचलतो. तिचे बूट पायांतून निसटून फरशीवर पडतात. त्या पडलेल्या बुटांनी मला जेवढं हादरवलं, तेवढं उकळत्या पाण्यात भाजलेल्या चेहऱ्याने नाही हादरवलं. मधल्या काळात, १९८० साली, ‘फ्रायडे द थर्टीन्थ’ने गल्ला भरला होता आणि प्रेक्षकाला रक्त हवं, असा हिशेब पक्का झाला होता. रोझेंथालचं संकलन कार्पेंटरला मिळमिळीत वाटलं, म्हणून त्याने स्वतः जादा हिंसक दृश्यं चित्रित करून घातली. शिवाय जेमी ली कर्टिसला गुंगीच्या औषधाखाली खाटेवर निजवून ठेवलं. पहिल्या चित्रपटाचा जीव असलेली ही नटी अर्ध्याहून अधिक वेळ बोलतसुद्धा नाही, हे मला अक्षम्य वाटतं.

पण खरा घाव पटकथेतच आहे. लॉरी ही मायकलची बहीण, असं इथे उघड होतं. बिअर पीत, पटकथा कशीबशी लिहिताना हे सुचलं, असं कार्पेंटरने पुढे मोकळेपणाने कबूल केलं. त्याच सुमारास पहिल्या चित्रपटाच्या टीव्ही आवृत्तीसाठी काही जादा दृश्यं चित्रित झाली आणि तिथेही हे नातं मागाहून चिकटवलं गेलं! कारण नसलेल्या भीतीला घराण्याचा धागा मिळाला, आणि बाकीचं सगळं गाव सुटलं. पुढची मालिका त्याच धाग्यावर चालली: १९८८ साली भाची आली, १९९८ साली पुन्हा बहीण, आणि रॉब झॉम्बीनेही २००७ च्या नव्या आवृत्तीत तेच नातं ठेवलं. मधला १९८२ चा तिसरा भाग तेवढा मायकलला सोडून वेगळ्या वाटेने गेला, पण प्रेक्षक त्याच्यामागे गेले नाहीत.

अखेर २०१८ साली डेव्हिड गॉर्डन ग्रीनने आपल्या ‘हॅलोवीन’मध्ये पहिला चित्रपट सोडून बाकीची सगळी गोष्ट बाजूला ठेवली. भावाबहिणीचं नातं त्यात एका वाक्यात, लोकांनी उठवलेली वावडी म्हणून झटकून टाकलं आहे. संगीत कार्पेंटरचं होतं, आणि चाळीस वर्षांनंतरच्या लॉरीला, म्हणजे कर्टिसला, ग्रीनने भरपूर बोलू दिलं.