चप्पल घालायचं जपानी क्रियापद: हाकु

कोल्हापूरच्या चप्पल लाईनमध्ये परवा एका दुकानदारानं विचारलं, ‘चप्पल घालणे’ जपानीत कसं म्हणायचं?

सान्दारु ओ हाकु.

पायांतून वर चढतं त्याला हाकु: चप्पल, मोजे, पँटसुद्धा. शर्ट-किमोनोला किरु, टोपीला काबुरु, चष्म्याला काकेरु. आपण तरी कुठं एकट्या ‘घालणे’वर भागवतो? साडी नेसतो, फेटा बांधतो, गजरा माळतो. मराठी माणसाला हे जड जाऊ नये!

अदबीनं बोलताना हाकिमासु, भूतकाळात हाइता. चप्पल आत्ता पायात आहे, तर हाइते इरु. नवशिके इथं नुसतं हाकु म्हणतात, मग ऐकणाऱ्याला ते ‘घालेन’ वाटतं.

गंमत म्हणजे ‘झाडून काढणे’ आणि ‘ओकणे’ हेही हाकुच. लिहायची चिन्हं, म्हणजे कांजी, मात्र तिन्हींची वेगळी.

अंगठी-घड्याळाला कुठलं क्रियापद? अंदाज कमेंटमध्ये टाका, शंकाही बिनधास्त विचारा.