उन्हाळ्यातील माळ : जमिनीवर घरटी करणारे पक्षी व पाण्यावरचे चतुर

चैत्र-वैशाखात पुण्याच्या वेताळ टेकडीवर पहाटे फिरावयास जाणाऱ्यांची गर्दी असते. समुद्रसपाटीपासून सुमारे ८०० मीटर उंचीची ही टेकडी शहरातील सर्वांत उंच जागा होय. या दिवसांत तेथील गवत वाळून पिवळे पडलेले असते, मुरूम उघडा पडलेला असतो, आणि पाहणाऱ्यास वाटते की येथे आता जीवमात्र उरलेला नाही. सासवड, सुपे, बारामतीकडील माळांविषयीही आपण असेच बोलतो. सातबाऱ्यावर ‘पडीक’ असा शब्द लिहिला की त्या जमिनीचा विचार संपला, अशी आपली समजूत असते. वस्तुतः माळाचे खरे पीक उन्हाळ्यातच निघते. फक्त ते पाहण्यासाठी सूर्योदयापूर्वी निघावे लागते व पाय जपून टाकावे लागतात.

माळटिटवीचेच पाहा. पाणवठ्यावर ओरडणारी नेहमीची टिटवी सर्वांस ठाऊक आहे. तिच्या डोळ्यांपुढील मांसल पाळी लाल असते. माळटिटवीची पाळी पिवळी, डोक्यावर काळी टोपी, आणि तिला कोरडा माळच आवडतो. मार्च ते मे हा तिच्या विणीचा मुख्य काळ. घरटे म्हणजे जमिनीतील एक उथळ खळगा. त्यात बहुधा चार अंडी, टोके आत करून ठेवलेली. त्यांचा रंग मुरमाशी इतका मिळता असतो की अंडी पायाखाली आली तरी कळत नाही. दुपारच्या उन्हात उघडी राहिली तर ती शिजून जातील. म्हणून पक्षी त्यांवर सावली धरून उभा राहतो. जवळ पाणी असल्यास पोटाची पिसे भिजवून येतो आणि ती ओल अंड्यांना देतो. सुमारे चार आठवडे हा क्रम चालतो.

पखुर्डीची रीत याहूनही नवलाची आहे. हा कबुतराएवढा, मातकट रंगाचा पक्षी सकाळी थव्याने पाण्यावर उतरतो. नराच्या पोटावरील पिसे पाणी शोषून धरतात. ते पाणी तो पुष्कळ अंतर उडून पिल्लांकडे नेतो आणि पिल्ले त्या पिसांतून पाणी पितात. मीड-वाल्डो नावाच्या इंग्रज गृहस्थाने पाळलेल्या पखुर्ड्यांत ही गोष्ट पाहून १८९६ मध्ये प्रसिद्ध केली, तेव्हा पुष्कळांचा तिच्यावर विश्वास बसला नाही. केड व मॅक्लीन या शास्त्रज्ञांनी १९६७ मध्ये तिची खात्री पटवून दिली. एखादा पाणवठा एप्रिलमध्ये आटला किंवा त्याच्या काठी फासे लावले गेले, तर पाण्यावर आलेल्या थव्याबरोबर दूर माळावर वाट पाहणारी पिल्लेही जातात, हे त्यावरून ध्यानात यावे.

चंडोलांच्या जातीही याच सुमारास जमिनीवर घरटी करतात. डोंबारी हा त्यांतील लहानसा पक्षी आकाशात चढतो, खाली सूर मारतो, पुन्हा चढतो; त्याचे नाव कोणी ठेवले असेल त्याने तो नीट पाहिला होता. तित्तराचा आवाज पहाटे दूरवर ऐकू येतो, पण पक्षी दिसणे कठीण. चंडोल एरवी बी खात असला तरी पिल्लांना मुख्यतः किडे भरवितो. नाकतोडे, वाळवी, अळ्या हा या पक्ष्यांचा नित्याचा आहार असल्याने माळालगतच्या शेतांनाही त्यांचा उपयोग होतो.

सूर्य वर आला व पक्षी गप्प झाले की चतुरांची वेळ होते. ऊन अंगात मुरल्याशिवाय चतुर नीट उडत नाही, म्हणून नऊनंतर पाण्याकडे वळावे. दगडाच्या जुन्या खाणीत साठलेले पाणी, पाषाणचा तलाव, नाला-बांध, गावविहिरीजवळची डबकी ही उन्हाळ्यातील त्यांची ठिकाणे. पंख आडवे पसरून बसतो तो चतुर. पंख पाठीवर मिटून बसते ती सुईसारखी बारीक टाचणी. भर दुपारी काही चतुर शेपटी सरळ सूर्याकडे उभारून बसतात. तसे केल्याने अंगावर ऊन कमी पडते.

चतुर दिसले म्हणजे पाणी शुद्ध आहे, असे मात्र कोणी समजू नये. नारिंगी पंखांचा एक चतुर गटारासारख्या घाण पाण्यातही सुखाने वाढतो. हिरव्या धातूसारखे पंख चमकविणारी टाचणी सह्याद्रीतील वाहत्या, सावलीच्या ओढ्यांवरच मिळते. तेव्हा कोणता चतुर आहे हे पाहावे. तसेच उडणारा चतुर दुसरीकडून आलेला असू शकतो. त्या पाण्यातच तो वाढला की नाही, हे काठावरील लव्हाळ्यावर चिकटलेली रिकामी कात सांगते. चतुराचे पिल्लू पाण्यात राहते व डासांच्या अळ्यांसह मिळेल ते खाते. पूर्ण वाढल्यावर काडीवर चढून कात टाकते. प्लॅस्टिक अंथरलेल्या शेततळ्याच्या गुळगुळीत काठावर त्यास असा आधार मिळत नाही. काठाशी चार दगड, थोड्या काठ्या ठेवल्यास खर्च काही येत नाही. कीटकनाशकाचा पंप मात्र तेथे कधीही धुऊ नये.

ग्रामसेवकांनी मे महिन्यात गावच्या माळावरून दोन-तीन सकाळी फिरून कोठे कोणते पक्षी बसतात याची नोंद ठेवावी, आणि मगच वृक्षलागवडीचे वा चरांचे काम कोठे घ्यावयाचे ते ठरवावे. डोंगरउतारावर सलग समतल चर उत्तम. सपाट, मुरुमाड माळावर मात्र त्याच चरांनी गवत जाते, घरट्यांची जागा जाते, आणि वीतभर मातीत लावलेली झाडे पुष्कळदा पुढच्या उन्हाळ्यात वाळून जातात. बारामती तालुक्यात सुप्याजवळ १९९७ मध्ये मयूरेश्वर अभयारण्य झाले. ते जेमतेम पाच चौरस किलोमीटरचे आहे. तेथील चिंकारा व माळपक्षी त्या हद्दीत मावत नाहीत, भोवतालच्या गावांच्या माळांवरही चरतात.

गवत चांगले यावे म्हणून माळ पेटविण्याची चाल काही ठिकाणी आहे. ती एप्रिल-मेमध्ये तरी पूर्ण बंद व्हावी, कारण आगीत अंडी व न उडणारी पिल्ले वाचत नाहीत. उन्हाळी नांगरटीत घरटे आढळल्यास शेजारी काठी रोवून तेवढी दोन हात जागा सोडून द्यावी. तित्तर-लाव्यांचे फासे लावणे व अंडी नेणे हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे.

मृगाच्या आसपास चातक येतो. त्याच वाऱ्यांबरोबर पिवळसर रंगाच्या भटक्या चतुरांचे थवे माळावर घिरट्या घालू लागतात. मालदीव बेटांवर काम करणाऱ्या चार्ल्स अँडरसन यांनी २००९ मध्ये असे मांडले की पाऊस संपल्यावर हे चतुर भारतातून समुद्र ओलांडून पूर्व आफ्रिकेकडे जातात व पुढच्या पिढ्या मोसमी वाऱ्यांबरोबर परततात. ते अंडी घालतात ती पावसाने नुकत्याच भरलेल्या उथळ डबक्यांत. दीड-दोन महिन्यांत त्यांची पिल्ले उडू लागतात. तोवर मावळ, मुळशी, भोरकडील भात फुटव्यावर आलेला असतो, आणि तुडतुडे व खोडकिड्याचे पतंग टिपीत चतुर वावरावरून फिरत असतात.