‘आमची’ संस्था

एस.टी.चा कंडक्टर प्रवाशाला सहज सांगतो, ‘आमची गाडी वेळेवर सुटते.’ गाडी त्याच्या मालकीची नसते. तरीही तो ‘महामंडळाची’ न म्हणता ‘आमची’ का म्हणतो?

ब्लेक अ‍ॅशफोर्थ आणि फ्रेड मेल या अभ्यासकांनी १९८९ साली याचा उलगडा केला. ‘मी कोण?’ या प्रश्नाचे उत्तर माणूस काही अंशी आपल्या गटावरून ठरवतो. नोकरीची संस्था हाही असाच एक गट. तिचे यशापयश स्वतःचे वाटू लागले, की माणूस तिच्याशी एकरूप झाला असे म्हणतात. नोकरीतले समाधान ही निराळी गोष्ट. पगारावर खूश असलेला माणूसही संस्थेला ‘ते लोक’ म्हणू शकतो. संस्थेचे वेगळेपण आणि समाजातील तिची पत यांमुळे ही एकरूपता वाढते.

तिचा परिणाम काय होतो? न्यूयॉर्क आणि न्यूजर्सी येथील पोर्ट ऑथॉरिटीचे उदाहरण पाहू. पूल, बोगदे, विमानतळ चालवणारी ही संस्था. १९८० च्या दशकात तिच्या मॅनहॅटनमधील बसस्थानकात शेकडो बेघर माणसे आसऱ्याला येऊ लागली. जेन डटन आणि जॅनेट ड्यूकरिच यांनी या प्रकरणाचा अभ्यास १९९१ साली प्रसिद्ध केला. ‘आम्ही तंत्रज्ञ, समाजसेवा हे आमचे काम नव्हे’ अशी कर्मचाऱ्यांची समजूत होती. त्यामुळे सुरुवातीला हा केवळ पोलीस बंदोबस्ताचा प्रश्न मानला गेला. पुढे वृत्तपत्रांतून टीका झाली. ती कर्मचाऱ्यांना स्वतःवरची टीका वाटली, कारण ‘आमची संस्था नीतीने वागणारी, लोकांच्या उपयोगी पडणारी’ हीही त्यांचीच समजूत होती. अखेर बेघरांसाठी मदतकेंद्रे उभारण्यात संस्थेनेच पुढाकार घेतला.

म्हणजे ‘आम्ही’ या भावनेने आधी जबाबदारी टाळली आणि नंतर तिनेच ती अंगावर घ्यायला लावली. आपली संस्था कशासाठी आहे असे माणसे मानतात, त्यावर हे अवलंबून असते.

वर्गात एक निरीक्षण करता येईल. अमेरिकेतील रॉबर्ट चाल्डिनी यांना १९७६ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत आढळले, की विद्यापीठाचा फुटबॉल संघ जिंकला की विद्यार्थी ‘आम्ही जिंकलो’ म्हणतात. हरल्यावर मात्र ‘आम्ही’ कमी ऐकू येते. आपल्या शाळेच्या सामन्यानंतर विद्यार्थी काय म्हणतात, याची नोंद ठेवा. शाळेवर टीका होते तेव्हा शिक्षक-खोलीत काय बोलले जाते, तेही ऐका. ‘आमच्या शाळेत असे होतच नाही’ आणि ‘आमच्या शाळेत असे होता कामा नये’ या दोन्ही वाक्यांत जिव्हाळा सारखाच असतो. सुधारणा मात्र दुसऱ्याच वाक्यापासून सुरू होते.