51 पैकी 51: लंडनच्या एका बरोचा निकाल कसा वाचायचा?

आज लंडनला जाऊया. राजा, पार्लमेंट वगैरे नाही, तर शहराच्या पूर्व टोकाची एक बरो. बरो म्हणजे साधारण आपल्या महापालिकेसारखं प्रकरण. कचरा, सरकारी घरं, वाचनालयं, म्हाताऱ्या माणसांची देखभाल, सगळं तिच्याकडे. लंडनमध्ये अशा 32 बरो आहेत आणि दर चार वर्षांनी मे महिन्यात सगळीकडे एकाच दिवशी मतदान होतं.

आपली आजची बरो आहे बार्किंग अँड डॅगनम. (स्पेलिंग बघून डॅगनहॅम म्हणू नका, तिथले लोक हसतील.) तिचे लागोपाठचे दोन निकाल बघा. 2006 मध्ये 51 जागांपैकी लेबर 38, बीएनपी 12, कॉन्झर्व्हेटिव्ह 1. मग 2010 मध्ये लेबर 51, बाकी सगळे शून्य.

बीएनपी म्हणजे ब्रिटिश नॅशनल पार्टी, उघडउघड वंशवादी पक्ष. 2010 पर्यंत याचं सदस्यत्वच फक्त गोऱ्यांना मिळायचं. अशा पक्षाने 2006 ला इथे जेमतेम 13 उमेदवार उभे केले आणि त्यातले 12 निवडून आले. थेट मुख्य विरोधी पक्ष!

हे झालं कसं? इथे 1931 पासून फोर्डचा प्रचंड कारखाना होता. 2002 मध्ये तिथली गाड्यांची जुळणी बंद झाली, इंजिनाचं काम मात्र सुरू राहिलं. शेजारी बेकंट्री नावाची, पंचवीस हजारांहून जास्त घरांची सरकारी वसाहत. 1980 च्या कायद्याने भाडेकरूंना ती घरं विकत घ्यायची मुभा मिळाली. घरं विकली गेली, पण त्या प्रमाणात नवीन बांधली नाहीत. म्हणजे मुलांना नोकरी नाही आणि घरासाठीची यादी हलत नाही. त्यात लंडनच्या मानाने घरं स्वस्त, म्हणून बाहेरून नवे लोक येत होते, त्यात आफ्रिकन कुटुंबंही बरीच. बीएनपीने पत्रकं वाटली की आफ्रिकन लोकांना इथे घर घ्यायला 50,000 पौंडांपर्यंत अनुदान मिळतंय. साफ खोटं. पण घराची टंचाई खरी होती ना, म्हणून खोटं चिकटलं. व्हॉट्सअ‍ॅपच्या आधीचं फॉरवर्ड म्हणा हवं तर.

आता 12 चे शून्य कसे झाले? लोकांचं मतपरिवर्तन झालं, असं म्हणायचा मोह होतो. थांबा. आधी मोजणीची पद्धत बघू, खरी गंमत तिथे आहे.

त्या वेळी इथे 17 वॉर्ड होते आणि प्रत्येक वॉर्डातून तीन नगरसेवक. तुम्ही म्हणाल, पुण्यातही प्रभागात चार असतात. हो, पण आपल्याकडे अ, ब, क, ड अशा वेगळ्या जागा असतात आणि प्रत्येक जागेसाठी वेगळं मत. तिथे सगळ्या उमेदवारांची एकच यादी. मतदार त्यात जास्तीत जास्त तीन नावं निवडतो. कोडमध्ये लिहायचं तर यादी मतांप्रमाणे उतरत्या क्रमाने लावा, वरचे तीन घ्या, बस्स.

समजा वॉर्डात 3,500 लोकांनी मत दिलं. 1,400 जण पक्ष 'क' चे, 1,300 'ख' चे, 800 'ग' चे. प्रत्येकाने आपल्याच पक्षाची तीन नावं निवडली. 'क' च्या तिघांना 1,400, 1,400, 1,400. तिन्ही जागा 'क' ला! मतं 40 टक्के, जागा 100 टक्के. आता 'ख' चे आणखी दीडशे लोक घराबाहेर पडले तर? तिन्ही जागा उलट्या. कुणीही मत बदललेलं नाही, फक्त दीडशे लोक जास्त आले.

हेच मोठ्या प्रमाणावर घडलं. 2006 ला लंडनमधलं मतदान 40 टक्क्यांच्या खाली होतं. 2010 ला त्याच दिवशी, 6 मे रोजी, संसदेचीही निवडणूक होती. बार्किंग मतदारसंघात मतदान 61 टक्क्यांच्या आसपास गेलं. शिवाय बीएनपीविरोधी कार्यकर्त्यांनी महिनोन्‌महिने दारोदार फिरून लोकांना बाहेर काढलं होतं. त्या मेहनतीला माझा सलाम आहे. पण त्याच दिवशी संसदेसाठी उभा असलेला बीएनपीचा प्रमुख निक ग्रिफिन बार्किंगमध्ये तिसरा आला आणि त्याला 6,620 मतं पडली. म्हणजे नगरसेवक शून्य, मतदार मात्र हजारोंनी शिल्लक.

2014 ला यूकिप हा दुसरा पक्ष मतांमध्ये दुसऱ्या नंबरवर आला. जागा? शून्य. 2018 आणि 2022 लाही लेबरच 51 पैकी 51. बीएनपी गेली याचा मला आनंदच आहे, पण त्या निवडणुकांत सभागृहात समोर बसणारा एकही विरोधक निवडून आला नाही, हेही मला बरं वाटत नाही. कारभारावर देखरेख करायची समिती असते, अशा निकालानंतर तिच्यातही सत्ताधारी पक्षाचेच नगरसेवक. आपल्याच टीमने आपलाच कोड तपासायचा, तसं.

आणि हो, तिकडे शिकायला किंवा नोकरीला गेलेल्या आपल्या मंडळींसाठी. भारत कॉमनवेल्थमध्ये असल्याने ब्रिटनमध्ये वैध व्हिसावर राहणाऱ्या 18 वर्षांवरच्या भारतीय नागरिकाला तिथे मतदार म्हणून नाव नोंदवता येतं. ब्रिटिश पासपोर्ट लागत नाही. नोंदणी ऑनलाइन होते, पण मतदानाच्या 12 कामकाजी दिवस आधी करावी लागते. 2023 पासून केंद्रावर फोटो ओळखपत्र दाखवावं लागतं, त्यासाठी भारतीय पासपोर्ट चालतो. मतदान गुरुवारी, सकाळी 7 ते रात्री 10. सुट्टी नसते, त्यामुळे ऑफिसच्या आधी किंवा नंतर जा. मशीन नाही, कागद आणि पेन्सिल. किती नावांपुढे फुली मारायची ते कागदावरच लिहिलेलं असतं. कमी मारल्या तरी मत धरतात, एक जरी जास्त मारली तर पूर्ण कागद बाद.