चासी नंबरातला ६

पीएचडीच्या पहिल्या वर्षी मी माणिकपूरच्या एका गॅरेजात बसून जुन्या गाड्यांचे चासी नंबर वहीत उतरवत होतो. विषय होता वसई-विरारमधला सेकंडहँड गाड्यांचा बाजार. घरी येऊन एक्सेलमध्ये दोन कॉलम केले: ‘बनलेला देश’ आणि ‘बनलेलं वर्ष’. दोन्ही चासी नंबरातूनच भरले. नेटवर कोडचे तक्ते मिळतात, ते समोर ठेवले की काम तासाभराचं.

गाइडने शीट वरखाली केली आणि एका ओळीवर थांबले. “ही मर्सिडीज २००६ची? अरे, हे मॉडेलच २००९ला आलं.”

तुमच्यातले बरेच जण लवकरच कुठलातरी तयार कोड घेऊन असाच कॉलम भरायला बसणार आहात, म्हणून ही ओळ नीट उलगडून सांगतो.

चासी नंबर, म्हणजे कागदोपत्री व्हीआयएन, सतरा खुणांचा असतो. आय, ओ आणि क्यू ही अक्षरं त्यात कधीच येत नाहीत, कारण ती १ आणि ० सारखी दिसतात. पहिल्या तीन खुणा निर्मात्याच्या, पुढच्या सहा मॉडेलच्या वर्णनाच्या आणि शेवटच्या आठ त्या एका गाडीच्या. आंतरराष्ट्रीय मानक १९७० च्या दशकातलं. अमेरिकेत १९८१ च्या मॉडेलपासून सतरा खुणा सक्तीच्या झाल्या. आपल्याकडे १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतला नियम १२२ चासी नंबर, इंजिन नंबर आणि निर्मितीचा महिना कोरायला सांगतो.

आता माझी गाडी. सुरुवात ‘डब्ल्यूडीडी’. तक्ता म्हणतो, डब्ल्यू म्हणजे जर्मनी. मी ‘जर्मनी’ लिहून मोकळा. पण मर्सिडीज १९९५ पासून पुण्यात गाड्या जुळवते आहे. आधी टेल्कोच्या कारखान्यात, २००९ पासून चाकणला स्वतःच्या. चाकणमध्ये जुळलेल्या गाडीचा नंबरही डब्ल्यूनेच सुरू होतो. याउलट रांजणगावला बनणाऱ्या जीप कंपासचा नंबर ‘एमसीए’ने सुरू होतो, आणि टाटांच्या गाड्यांचा ‘एमएटी’ने. एमने सुरू होणारे हे दोन्ही कोड भारतीय निर्मात्यांचे. दोन्ही कारखाने पुणे जिल्ह्यातले, दोन्ही ब्रँड परदेशी, तरी पहिलं अक्षर वेगळं! म्हणजे पहिल्या तीन खुणा सांगतात ती गाडी कुणाच्या नावावर, कुणाच्या जबाबदारीवर बाहेर पडली. बोल्ट कुठल्या गावात आवळले, हे त्या सांगतीलच असं नाही. वसईकरांना हे वेगळं समजवायला नको. आज आपली नवी गाडी एमएच-४८, पण गल्लीतल्या जुन्या गाड्या अजून एमएच-०४ पासिंगच्या, आणि त्यांच्याकडे बघून कुणी मालकाला ठाणेकर म्हणत नाही.

मग २००६ कुठून आलं? दहाव्या खुणेवरून. बऱ्याच कंपन्या तिथे मॉडेलवर्ष लिहितात: ६ म्हणजे २००६, ए म्हणजे २०१०, ई म्हणजे २०१४. मात्र मर्सिडीजच्या युरोपीय पद्धतीत दहावी जागा स्टीअरिंगची असते. १ म्हणजे डावं, २ म्हणजे उजवं. आणि ६ म्हणजे उजव्या स्टीअरिंगची, सुट्या भागांच्या किटमधून जुळवलेली गाडी. गंमत बघा, ‘ही गाडी इथेच जुळली’ असं सांगणारी खूण माझ्या डोळ्यासमोर होती आणि मी तिला वर्ष समजून दुसऱ्याच कॉलममध्ये कोंबली. एका आकड्याने दोन्ही कॉलम चुकवले. मॉडेलही नंबरातच होतं: चौथ्या ते सहाव्या जागी २१२, म्हणजे २००९ ची ई-क्लास मालिका. ते वाचलं असतं तरी शंका आली असती.

दुसरा खड्डा नववी जागा. अमेरिकेत तिथे पडताळणीचा अंक असतो. प्रत्येक जागेला ठरलेलं वजन, गुणाकारांची बेरीज, ११ ने भागून उरलेली बाकी नवव्या जागी (बाकी १० आली तर एक्स). मीही उत्साहाने स्क्रिप्ट लिहिली आणि तिने भरपूर नंबर ‘चुकीचे’ ठरवले. ते चुकीचे नव्हते. युरोपात हा अंक सक्तीचा नाही. फोक्सवॅगन तर तिथल्या गाड्यांत त्या जागी नुसतं झेड टाकते. उलट सतरा वेळा १ लिहा: बेरीज ८९, बाकी १, आणि हा खोटा नंबर चाचणीत झोकात पास!

किटची भानगड मुळात सीमाशुल्कामुळे. पूर्ण बांधलेल्या गाडीवर गेल्या दशकात ६० ते १०० टक्के शुल्क होतं, सुट्या किटवर त्याहून खूप कमी. मग ‘सुटं’ म्हणजे किती सुटं? २०११ पासून इंजिन किंवा गिअरबॉक्स आधीच जुळवून आणलं तर जास्त दर लागू लागला. भांडण अजून संपलेलं नाही. २०२४ मध्ये सीमाशुल्क खात्याने स्कोडा ऑटो फोक्सवॅगन इंडियाला सुमारे १.४ अब्ज डॉलरची नोटीस दिली. खात्याचा आरोप असा की जवळजवळ अख्ख्या गाड्या वेगवेगळ्या खेपांत ‘सुटे भाग’ म्हणून आणल्या. कंपनीने तो नाकारला आणि मुंबई उच्च न्यायालयात धाव घेतली. तुमच्या-माझ्या कॉलमच्या व्याख्येवरून एवढे पैसे अडकत नाहीत, पण प्रश्न त्याच जातीचा आहे.

मुंबईला हे नवं नाही म्हणा. जनरल मोटर्स १९२८ पासून शिवडीला खोक्यांतून आलेल्या गाड्या जुळवत होती. तेव्हा सतरा खुणा नव्हत्या, त्यामुळे जुन्या गाड्यांवर काम करायचं असेल तर हे तक्ते बाजूलाच ठेवा.

मी शेवटी ‘बनलेला देश’ कॉलम काढून टाकला. त्याजागी तीन केले: निर्मात्याचा कोड, जुळणीची जागा, आणि ही जागा कशावरून ठरवली. वर्ष आता आरसीवरून घेतो, चासी नंबरावरून नाही. त्यासाठी माणिकपूरला पुन्हा दोन शनिवार घालवावे लागले. काही गाड्या तोवर विकल्या गेल्या होत्या, त्यांच्या ओळींत तिसरा कॉलम अजून रिकामा आहे.